तारेवरचे पिवळे चिमटे

सोमवार, ६ मे. सकाळ.

चिमटे मीच लावले.

लिहून टाकलं. करायला नको होतं, मान्य. पण ज्यांनी मला करायला भाग पाडलं त्यांनी आधी माफी मागावी, मग मी माझं बघीन.

कालचं सगळं लिहून ठेवतो. उद्या कोणी माझ्यावर उलटलंच तर माझी बाजू तयार हवी.

काल दुपारी इथे पोचलो. आई, बाबा, ताई आणि मी. समुद्र आहे, वाळू आहे, होड्या आहेत आणि या सगळ्याला पुरून उरेल एवढा वास आहे. ही सुट्टी आईची आहे. ती वर्षभर ऑफिसवाल्यांचे डबे करते. पहाटेपासून गॅसपुढे उभी. निघताना तिने एकच अट घातली, की हे सहा दिवस गॅसला हात लावणार नाही. आणि म्हणाली, मी खुर्चीवर बसलेय आणि कोणीतरी माझ्यापुढे गरम ताट आणून ठेवलंय, ज्यात काय आहे ते मला आधी माहीतच नाही, असं एकदा बघायचंय. एवढंच मागितलं बाईने. मी तिथल्या तिथे स्वतःला या सहलीचा अन्नमंत्री जाहीर केलं. ताई म्हणाली, आई, बिस्किटं भरून घे.

तर गावात खानावळ एक. होड्या लागतात त्या धक्क्यासमोर. आम्ही जाऊन बसलो. अर्धी टेबलं रिकामी. आतून तळणीचा असा वास, की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सगळ्यांपुढे ताटं येतायत, आमच्यापुढे कोणी पाणीही ठेवेना. शेवटी मालकीण आली. ही बाई ओट्यावर उभी राहून आख्ख्या खानावळीवर नजर ठेवते. मी तिचं नाव फौजदारीण ठेवलंय. तिने विचारलं, चिमटे लावले होते का.

कसले चिमटे?

मग कळलं. खानावळीच्या बाहेरच्या भिंतीवर एक तार ओढलीय. खाली डब्यात कपड्यांचे लाकडी चिमटे. ज्याला दुपारी जेवायचं असेल त्याने सकाळी होड्या यायच्या आत तारेला एक चिमटा लावून जायचं. माणशी एक. होड्या आल्या की फौजदारीण चिमटे मोजते, तेवढेच मासे घेते, तेवढाच भात टाकते. ना शिळं उरत, ना फेकावं लागत. चिमटा नाही तर ताट नाही. मग तुम्ही कोणीही असा.

बाबा कारखान्यात टाइम-ऑफिसला आहेत. लोकांची हजेरी घेतात. शिस्त दिसली की त्यांना भरून येतं. भांडायचं सोडून ते फौजदारीणबाईंना विचारत बसले, आणि मोठा ग्रुप आला तर? ती म्हणाली, सहलीची बस असली की ड्रायव्हर पहाटे येऊन बसभर चिमटे लावून जातो. बाबा म्हणाले, वा. आई उपाशी बसलीय आणि हे म्हणतायत वा.

आईने खोलीवर येऊन बिस्किटं खाल्ली. वर म्हणाली, बरी आहेत की, कुरकुरीत आहेत. हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

म्हणून आज पहाटे खोलीच्या गच्चीवर गेलो, खोलीवाल्या काकांच्या दोरीवरचे सगळे पिवळे प्लास्टिकचे चिमटे काढले, खिशात कोंबले आणि तारेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लावून आलो. कोणीही बघितलं नाही. एक बर्फवाला सायकलवर बसला होता, पण तो जांभई देत होता.

प्लॅन साधा आहे. फौजदारीण भरमसाट मासे घेणार. दुपारी बस येणार नाही. मासे उरणार. मग तिला कळेल की ही पद्धत मूर्खपणाची आहे. उद्यापासून जो येईल त्याला ताट. गावाने माझे आभार मानले पाहिजेत. आमचे चार चिमटेही त्यातच आहेत, म्हणजे आज दुपारी आईचं ताट पक्कं.

सोमवार, संध्याकाळ.

ताट नाही.

मला एक कळत नाही. मासे जास्त झाले तर माणूस जास्त लोकांना जेवायला घालतो. ही बाई खानावळच बंद करते. आम्ही गेलो तर टेबलं बाहेर अंगणात काढलेली, त्यावर मासेच मासे, टोपल्यांत मासे, बादल्यांत मासे. फौजदारीण हातात सुरी घेऊन मधोमध बसलेली. तीन होड्यांचा सगळा माल उचलला म्हणे. बसची वाट बघितली. बस काही आली नाही. बर्फ पुरेना. आता सगळं कापून मीठ लावून सुकवायचं, ते संपेपर्यंत चूल पेटणार नाही, कारण माणसं तेवढीच आणि टेबलंही तीच. म्हणाली, एक मासा फेकणार नाही, मग हात तुटले तरी चालेल. कोणी सांगितलंय एवढं मनाला लावून घ्यायला.

पिवळे चिमटे तिने तारेवर तसेच ठेवलेत. सगळ्यांना दाखवते. खोलीवाले काका आले, बघून म्हणाले, अरे हे तर माझे, पण मी तर झोपलो होतो. लोक हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. संशय येऊ नये म्हणून असं करावं लागतं.

आईने तारेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग बाबांच्या गुडघ्यांकडे. उन्हाने डोळे दिपले असणार.

बाबांच्या गुडघ्यांचं असं, की बाबांनी चांगली पँट धुऊन काल गच्चीवर टाकली होती. आज दोरीवर चिमटे नव्हते. पुढचं वाऱ्याने केलं. दुसरी पँट प्रवासात ऑइल लागून गेलेली. आता बाबा काकांनी दिलेल्या हाफ पँटवर आहेत. त्यांचे गुडघे मी जन्मात पहिल्यांदा बघितले. ताईनेही. यावर घरात कोणी बोलायचं नाही असं न ठरवता ठरलंय.

जेवायच्या वेळी पुन्हा बिस्किटं. त्यानंतर आई म्हणाली, मी जरा पँट शोधून येते किनाऱ्यावर. मी म्हटलं, मी येतो. म्हणाली, तू नको. उन्हं उतरल्यावर आली. पँट सापडली, एका होडीच्या जाळ्यात अडकली होती. डिझेलचा वास येतोय, बाबा घालत नाहीत. आईच्या हातांनाही वास येत होता. जाळ्याचा असेल.

ठराव. उद्या दुसऱ्या गावात जेवायचं. हे गाव आपल्या लायकीचं नाही.

मंगळवार, ७ मे. दुपार.

किनाऱ्याने चालत पुढच्या गावी गेलो. मी पुढे, मागे आई, ताई, शेवटी बाबा हाफ पँटमध्ये. मी सांगितलं होतं, जवळच आहे. काल कड्यावरून बघितलं तेव्हा जवळच होतं. गाव कोणीतरी मागे सरकवलं असणार. आईच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने चप्पल हातात घेतली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

तिथे खानावळ आहे, तार नाही, चिमटे नाहीत. मी बाबांना म्हटलं, बघा, याला म्हणतात सुधारणा. मग काउंटरवरचा जाड्या म्हणाला, मासा नाही. मासा का नाही? तर त्यांचा मासा आमच्याच धक्क्यावरून येतो आणि काल तिकडच्या बाईने सगळा उचलला. आज होड्या आल्याच नाहीत, डिझेल भरायला गेल्यात. मग आमच्याकडे बघून विचारतो कसा, तुम्ही त्या चिमटेवाल्या गावचे का.

मी म्हटलं, आमचा त्या गावाशी काही संबंध नाही. तो बाबांच्या हाफ पँटकडे बघत म्हणाला, बरं.

उकडलेली अंडी मिळाली. थंडगार. तीही आपली आपण रांगेत उभं राहून घ्यायची. आई ताट घेऊन रांगेत उभी. पुढे सरकतेय, ताट पुढे करतेय. मी मागून बघत होतो. ही बाई वर्षभर दुसऱ्यांना वाढते आणि सुट्टीत ताट पुढे करून रांगेत उभी आहे. मला इतका राग आला की मी माझी अंडी मोजून ताईला दिली. ताई म्हणाली, बरं वाटत नाहीये का तुला. तिच्याशी बोलणं बंद.

परत आल्यावर आई लगेच फिरायला गेली. एवढं चालून आल्यावर पुन्हा फिरायला. तुटकी चप्पल दोऱ्याने बांधून.

बुधवार, ८ मे.

गावात माझ्यावर कोणाचाही संशय नाही. आज खात्री करून घेतली.

मी स्वतःच तपास सुरू केला. जो तपास करतो त्याच्यावर कोण संशय घेतं? धक्क्यावर जाऊन चार लोकांत सांगितलं की हे काम बस ड्रायव्हरचं आहे. फालतू माणूस असणार, सवयीने चिमटे लावले आणि बस आणायची विसरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बर्फवाला म्हणाला, मग पिवळे कुठून आणले त्याने? मी म्हटलं, वाऱ्याने उडून आले असतील गच्चीवरून. तो म्हणाला, आणि तारेला एका ओळीत लागले. मी म्हटलं, वारा एका दिशेचा असतो. त्यावर सगळे समुद्राकडे बघायला लागले. एक जण तर तोंड फिरवून खोकत राहिला. मुद्दा पटला की माणसाला असं होतं.

मग बर्फवाल्याने मला फुकट बर्फाचा खडा दिला. म्हणाला, डोक्यावर ठेव. चांगला माणूस आहे.

खोलीवाले काका मात्र वैतागवाणे. गच्चीवर येऊन म्हणाले, आता कपडे दोरीला गाठ मारून वाळत घाला. बाबांनी शर्टाच्या बाहीची गाठ मारली. वाळल्यावर सुटेना. कात्री लागली. आता बाबांना एका बाजूला अर्धी बाही आहे आणि खाली हाफ पँट. ते म्हणतात, हवा छान लागते. त्यांना कोणी रागवायला शिकवलंच नाही. घरातला सगळा राग मला एकट्याला करावा लागतो.

जेवण: पाव. त्याबरोबर पाव.

आई फिरून आली तेव्हा केसांत पांढरं काहीतरी चिकटलेलं. मीठ. म्हटलं, समुद्रात उतरली होतीस का. म्हणाली, हो, पाय भिजवले. पाय भिजवले तर केसांत मीठ कसं येईल हे मी विचारणार होतो, पण तेवढ्यात ताईने मला पाव दिला.

कोपरालाही काहीतरी चकचकीत चिकटलं होतं. बोटाला पट्टी. म्हणाली, शिंपला लागला. मला आईचा राग आलाय. एकटी फिरते, शिंपल्याने बोट कापून घेते, मजा करते आणि आम्हाला घेऊन जात नाही.

गुरुवार, ९ मे.

आज मी स्वयंपाक केला.

कारण सकाळी ताई म्हणाली, आई, काकांच्या खोलीत गॅस आहे, थोडा भात टाकतेस का. आई उठली. खरंच उठली. पदर खोचला. चार दिवस अन्नमंत्री म्हणून मी जे जपलं ते ही एका वाक्यात उडवणार. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, माझ्या प्रेतावरून जावं लागेल. आई म्हणाली, असलं काही बोलू नये सकाळी. आणि बसली.

भात सोपा असतो. तांदूळ, पाणी, गॅस. यात चुकायला काही नाही. तरी पातेल्याच्या कानाला लावलेलं प्लास्टिक वितळलं, ती कंपनीची चूक आहे. भाताचे तीन मजले झाले. खालचा काळा, मधला भात, वरचा कडकडीत. मी मधला आईसाठी काढून ठेवला. पण आई फिरायला गेलेली. आली तोवर तो गार होऊन पातेल्याच्या आकाराचा झाला होता.

बाबांनी काळा भाग खाल्ला. म्हणाले, धुराचा स्वाद येतो. ताई म्हणाली, बाबा, तो स्वाद नाही, धूरच आहे.

आईने मधला भात खाल्ला. म्हणाली, छान झालाय. आणि ताट मांडीवर तसंच, हातात घास, तिचा डोळा लागला. बसल्या बसल्या. दुपारी. मी ताट काढून घेतलं तरी जागी झाली नाही. बोटाला आता दोन पट्ट्या.

सुट्टीवर आलेला माणूस इतका कसा थकतो? मी इथे रागावून रागावून थकलोय ते ठीक, पण हिला काय झालंय?

ठराव. उद्या तिच्या मागे जायचं. ती कुठे फिरते, कोण तिला एवढं चालवतं, त्याचा हिशोब चुकता करायचा.

शुक्रवार, १० मे. दुपार.

मला काय लिहावं कळत नाहीये. तरी लिहितो.

आईच्या मागे गेलो. ती किनाऱ्याकडे वळलीच नाही. सरळ खानावळीच्या अंगणात गेली. एक पोतं अंथरलेलं होतं, त्यावर बसली, जशी काय रोजची जागा. फौजदारीणने सुरी पुढे केली. आई मासे साफ करायला लागली. भराभर. घरी कांदा चिरते तसे. मी उलट्या टाकलेल्या होडीमागे बसून बघत होतो. ऊन डोक्यावर. ती मधून मधून पाठ सरळ करायची आणि पुन्हा वाकायची.

पहिल्यांदा वाटलं, फौजदारीणने आईला पकडून कामाला लावलंय. हात शिवशिवले. आई खोलीवर जायला उठली, लांब गेली, तसा मी अंगणात घुसलो. रस्त्यात भाषण तयार केलं होतं. एकदम कडक. मी म्हणणार होतो की मावशी, चिमटे मी लावलेत, तुमची पद्धत हुकूमशाहीची आहे, आणि माझ्या आईला यात ओढायचा तुम्हाला काही अधिकार नाही.

मी म्हटलं, मावशी, चिमटे.

एवढंच निघालं.

फौजदारीण मान वर न करता म्हणाली, माहीत आहे.

मी म्हटलं, कधीपासून. म्हणाली, सोमवार दुपारपासून. तुम्ही अंगणातून गेलात आणि बर्फवाल्याने सांगितलं, पहाटे तुला तारेपाशी बघितलं म्हणून. पण तोवर मी माल घेऊन बसले होते. त्याला उशिरा सुचतं, जांभया फार देतो.

म्हणजे आख्ख्या गावाला माहीत. मी धक्क्यावर उभा राहून वाऱ्याची दिशा समजावून सांगत होतो तेव्हाही माहीत. तो बर्फाचा खडा.

मी म्हटलं, मग मला का नाही पकडलं.

ती म्हणाली, पकडायलाच निघाले होते रे, सुरीसकट. तेवढ्यात तुझी आई आली. पँट हातात. मला म्हणाली, अहो, चिमटे मी लावले, मला वाटलं ही कपडे वाळत घालायची तार आहे, चुकलं माझं. मी म्हटलं, बाई, तारेला नुसते चिमटे आहेत, कपडे कुठेत? तर ती पँट वर करून म्हणाली, उडाले.

इथे फौजदारीण हसली. मग हसता हसता थांबली. म्हणाली, नुसते चिमटे वाळत घालणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. खोटं तिला जमतच नाही, कान लाल झाले होते. पण म्हटलं, ही एवढं चालत खोटं बोलायला आलीय, तिला कशाला तोंडावर पाडू. म्हणाली मी हातभार लावते सगळं संपेपर्यंत. मी नको म्हटलं. ती बसलीच. चार दिवस झाले. तिच्यामुळे आज संपलं, नाहीतर अर्धं नासलं असतं.

मी म्हटलं, पण तिची सुट्टी होती. तिला गॅसला हात लावायचा नव्हता.

फौजदारीण म्हणाली, गॅसला नाहीच लावला तिने.

मला इतका राग आलाय. कोणाचा ते ठरत नाहीये. समुद्राचा करून बघितला, नाही जमला. बाबांचा केला, तेही नाही. सरकत सरकत शेवटी एकाच माणसापाशी येतोय आणि तो माणूस हेच लिहितोय.

फौजदारीणला विचारलं, उद्या खानावळ उघडणार का. उद्या आमचा शेवटचा दिवस. म्हणाली, उघडणार, पण चिमटे लावले तरच. लाकडी. पिवळा दिसला तर बोट कापीन. मग मला आपादमस्तक बघून म्हणाली, तुझा लावू नकोस. तू पहाटे ये. कामाची माणसं सगळ्यांचं झाल्यावर जेवतात.

शनिवार, ११ मे. दुपार.

खानावळीच्या मोरीवर बसून लिहितोय. वही ओली झालीय. इथे सगळंच ओलं आहे.

पहाटे तीन लाकडी चिमटे लावले. आई, बाबा, ताई. खोलीवर सांगितलं की माझं पोट दुखतंय, मी येणार नाही, तुम्ही जाऊन या, आज खानावळ उघडलीय. ताई म्हणाली, पोटाला दुखायला आत काहीतरी असावं लागतं.

मग मासे साफ केले. माझा अंदाज होता की हे काम मला जन्मतः येत असणार, कारण आईला येतं. तसं काही नसतं. मासा मेलेला असला तरी हातातून पळतो. खवले सगळीकडे उडतात, फक्त टोपलीत पडत नाहीत. एक डोळ्यात गेला. एक तोंडात. फौजदारीण आली, बघितलं आणि माझ्या अंगावर एक जुनं पोतं बांधून गेली. मी कांदे सोलले, भांडी घासली, चुलीत लाकडं सारली. त्यामानाने चिमटे लावायचं काम किती हलकं होतं.

आईचा मासा मी वेगळा काढला होता. सगळ्यात मोठा. तो मी स्वतः, एकट्याने साफ केला.

जेवायच्या वेळेला आले तिघं. मी स्वयंपाकघराच्या जाळीतून बघत होतो. आई खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. खुर्चीवर नीट, मागे टेकून. हात मांडीवर. काय करायचं हातांचं ते तिला कळत नव्हतं. दोनदा टेबल पुसलं बोटांनी.

ताट तयार झालं. भात, रस्सा, माझा मासा तळून, वाफ निघतेय. आता हे तिच्यापुढे न्यायचं काम फौजदारीणच्या सासऱ्याचं. त्यांना इथे सगळे एक्स्प्रेस म्हणतात, कारण ते एका टेबलापासून दुसऱ्यापर्यंत जायला निघाले की मधे दोन गिऱ्हाइकं जेवून उठतात. एक्स्प्रेसनी ताट उचललं. एक पाऊल टाकलं. थांबले. कोणाशी तरी डिझेलच्या भावावर बोलले. वाफ जातेय. पुन्हा एक पाऊल. मी जाळीला दोन्ही हातांनी धरलेलं. मला बाहेर पळत जाऊन ते ताट हिसकावून न्यायचं होतं. पण बाहेर गेलो असतो तर आईने बघितलं असतं की तिचा मुलगा पोत्यात आहे. फौजदारीण मागून म्हणाली, श्वास घे रे.

ताट पोचलं. गरमच पोचलं. कारण आईने वाकून ताटात काय आहे ते बघितलं आणि तिचा चष्मा एकदम पांढरा झाला. तिने तो पुसला नाही. काढून बाजूला ठेवला आणि तशीच बसून राहिली वाफेपुढे. बाबा खायला लागले, ताई खायला लागली, ती बसलीच. मग पहिला घास घेतला.

मला वाटलं, झालं. अन्नमंत्री यशस्वी.

मग तिने तोंडातून काहीतरी काढलं. उजेडात धरून बघितलं. ताटाच्या कडेला ठेवलं. पुन्हा एक घास, पुन्हा काहीतरी काढलं. कडेला चांगली रांग लागली. खवले. चार दिवस उपाशी ठेवून, चालवून, कापून घेऊन शेवटी मिळालेलं ताट, आणि त्यात खवले. इतका राग आला. हलकटासारखं साफ करणाऱ्याला जाऊन जाब विचारावा म्हणून वळलो आणि आठवलं की तो मीच.

आईने एक्स्प्रेसना बोलावलं. काहीतरी सांगितलं. ते निघाले. त्यांना स्वयंपाकघरापर्यंत यायला जो वेळ लागला तेवढ्यात मी मनात दोनदा मेलो. येऊन फौजदारीणला म्हणाले, त्या बाईंनी निरोप दिलाय. ज्याने कोणी हा मासा साफ केलाय त्याला सांगा, खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडायचे, आणि घरी गेल्यावर आई नीट शिकवेल. आणि म्हणाल्या, त्याच्यासाठी एक मासा ठेवा, त्याचं पोट दुखत नाहीये.

मी जाळीतून बघितलं. आई खाली मान घालून जेवत होती. एकही खवला न सोडता काढत, हळूहळू, शेवटपर्यंत. ताट चाटूनपुसून. कान मात्र लाल दिसले. तिखटाने होतात.

तर एवढं खरं की आईला यातलं काही म्हणजे काही कळलेलं नाही. पोटाचं तिने असंच म्हटलं असणार, बोलायची पद्धत असते. तिला वाटतंय ते चिमट्यांचं खोटं अजून आपल्याजवळच आहे. तिने ते मला कळू नये म्हणून एवढं केलंय. मग ते मला कळलेलं नाही, हेच बरं.

म्हणून जो कोणी ही ओली वही उघडून हे वाचत असेल, त्याच्या पाया पडतो. मी पोत्यात होतो हे कोणाला सांगू नका. मित्रांना तर नकोच, मी त्यांना तोंड दाखवू शकणार नाही. ताईला नको, ती लग्नात सांगेल. आणि आईला नको. प्लीज. ती आत्ता पलीकडे खुर्चीवर बसून समुद्र बघतेय, पायातली चप्पल काढून. फौजदारीण हाक मारतेय, अजून मोठं पातेलं घासायचं राहिलंय.